दिवा बाहेर ठेवून

एम. ए. मराठीच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या तर 'सखोल चर्चा करा', 'सखोल विवेचन करा' ही आज्ञा त्यांत हमखास भेटते. पुस्तकाच्या परीक्षणात 'सखोल' हे प्रशस्तिपत्र असते आणि 'उथळ' ही जवळजवळ शिवी. प्रबंधाच्या अहवालात बहिःस्थ परीक्षकाला दुसरे काही सुचले नाही, तर 'विषयाच्या तळाशी जाऊन केलेला अभ्यास' असे लिहून तो मोकळा होतो. घरातली मराठी मात्र याच्या बरोबर उलटा सल्ला देत आली आहे. 'जाऊ दे, फार खोलात शिरू नकोस,' असे आई म्हणते. धंदा बुडतो, कर्ज बुडते, लोक एकमेकांचे पैसे बुडवतात आणि आमचे विद्यार्थी तास बुडवतात. कर्जबाजारी माणूस गाळात रुततो. धरणाने तळ गाठला, की वर्तमानपत्रात काळजीची बातमी येते. खाली जाण्याविषयी व्यवहारातली मराठी इतकी साशंक आणि साहित्यातली मराठी इतकी उत्सुक का असावी, हा प्रश्न आम्हां मित्रमैत्रिणींच्या गप्पांत अधूनमधून निघत असे. तो गमतीचाच होता. गेल्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या झऱ्यांत आणि पाण्याखालच्या गुहांत दोन दिवस उतरण्याचा योग आला आणि तो तितकासा गमतीचा राहिला नाही.

आम्ही म्हणजे मराठीचे तीन अध्यापक. पंचवीस वर्षांपूर्वी एकाच वर्गातून एम. ए. झालो. चौथी मैत्रीण त्याच वर्गातली. लग्नानंतर ती अमेरिकेला गेली. शिकवणे सुटले, मराठी वाचणे सुटले नाही. फ्लोरिडात राहता राहता तिला तिथल्या झऱ्यांत बुडी मारण्याचा छंद लागला आणि पुढे तिने पाण्याखालच्या गुहेत, बाहेरचा उजेड दिसेल तिथवर, उतरण्याचे रीतसर प्रशिक्षणही घेतले. वर्गाच्या पंचविशीचे निमित्त काढून तिने आम्हाला बोलावले. आमच्यापैकी दोघांनी तारकर्लीच्या समुद्रात दोन सुट्या घालवून स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र मिळवले होते. तिसरा मित्र मात्र, 'मी वरूनच बघेन,' असे निघण्यापूर्वीच सांगून चुकला होता. त्याचे कारण आम्हा सगळ्यांना माहीत होते.

त्याचे गाव बीड जिल्ह्यातले. तो सात वर्षांचा असताना उन्हाळ्यात त्याचे धाकटे काका विहिरीचा गाळ काढायला उतरले. थोड्या वेळाने खालून हाकेला ओ येईना. त्यांना काढायला घरचा सालगडी उतरला. दोघेही जिवंत वर आले नाहीत. गावाने दोन दिवसांत निर्णय दिला, की विहिरीतल्या आसरांनी त्यांना नेले. त्या वर्षी काकूंनी आसरांची ओटी भरली नव्हती, हेही कुणाच्या तरी लक्षात आले. मग काठावरच्या सात दगडांना शेंदूर लागला, नारळ फुटले आणि काकूंच्या वाट्याला उरलेले आयुष्य आले. आमचा मित्र पुढे पुण्याला शिकायला आला, तरणतलावात पोहायलाही शिकला. पण ज्याची फरशी वरून दिसते अशाच पाण्यात तो उतरत असे.

दख्खनच्या पठारावर वाढलेल्या माणसाला फ्लोरिडाचे पाणी समजायला वेळ लागतो. आपला खडक बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांचा. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या पापुद्र्यांत जे काही पाणी मुरते त्यावर आपल्या विहिरी. झरा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे कपारीतून निघणारी करंगळीएवढी धार येते. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडी आहे. साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यातल्या जिवांचे शंखशिंपले आणि कवचे तळाशी साचून हा खडक झाला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होते आणि चुनखडीला विरघळवत जाते. लक्षावधी वर्षे हे चालले, की खडकात नळ्या, दालने, भुयारे तयार होतात. त्यांतून वाहणारे पाणी जिथे दाबाने वर येते तिथे झरा. पहिल्या प्रतीचा झरा म्हणजे सेकंदाला किमान १०० घनफूट, म्हणजे २,८०० लिटरहून अधिक पाणी देणारा, अशी तिथली व्याख्या आहे आणि असे तिसांहून अधिक झरे त्या एका राज्यात नोंदले गेले आहेत. पाणी खालून उसळी घेत वर येते, पृष्ठभागावर त्याचा घुमट होतो. याला 'झरा' म्हणताना आमची जीभ अडखळू लागली. 'उमाळा' हा शब्द आपण आता फक्त मायेसाठी आणि रडण्यासाठी राखून ठेवला आहे. त्याचा मूळ अर्थ आम्हाला तिथे दिसला.

शनिवारी सकाळी आम्ही विलिस्टन गावाजवळच्या 'डेव्हिल्स डेन' येथे गेलो. नावाप्रमाणे ही सैतानाची गुहा. थंडीच्या पहाटे तिच्या तोंडातून वाफ निघते, म्हणून हे नाव. पाणी बारा महिने बावीस अंशांवर असते, थंडी असते ती बाहेरच्या हवेला. गुहेचे छत मधोमध कोसळलेले आहे आणि त्या भोकातून उजेडाचा झोत खाली निळ्या पाण्यावर पडतो. भोकाच्या काठावरून वेली आणि मुळे लोंबतात. खडकातल्या अरुंद वाटेने आणि लाकडी पायऱ्यांनी खाली उतरायचे, की पाण्याला लागून एक लाकडी फलाट. पाण्याची खोली साधारण पन्नास फूट. या जागी हिमयुगातल्या नामशेष प्राण्यांची हाडे सापडली आहेत.

पायऱ्यांच्या मध्यावर आमचा मित्र थांबला.

"बारव आहे ही," तो म्हणाला.

"तुला उतरायचं नसेल तर नको उतरूस," मैत्रीण म्हणाली. "मी बसते तुझ्याबरोबर. हे दोघं जाऊन येतील."

तो फलाटावर बसला. आम्ही दोघे नळकांडी पाठीवर घेऊन खाली गेलो, दगडांच्या राशीभोवती एक फेरी मारली, भिंतीतले समुद्री जिवांचे ठसे हाताने चाचपले. वर पाहिले तर छताचे भोक पाण्यातून चंद्रासारखे दिसत होते आणि त्याखाली दोन माणसे पालथी तरंगत होती. एकाच्या अंगात तरंगवणारे जाकीट होते, तोंडात श्वासाची नळी होती आणि त्याचा डावा हात दुसरीच्या हातात घट्ट होता. बाहेर आल्यावर त्याला कुणी काही विचारले नाही. त्यानेच मास्क काढून सांगितले, "तळ दिसतोय रे." पाऊण तास तो पाण्यातून निघायला तयार नव्हता.

त्या रात्री हाय स्प्रिंग्ज या छोट्या गावातल्या मुक्कामी मैत्रिणीने आम्हाला शेक एक्सले या माणसाविषयी सांगितले. एक्सले फ्लोरिडातल्या लाइव्ह ओक गावच्या शाळेत गणित शिकवत असे आणि उरलेला वेळ पाण्याखालच्या गुहांत घालवत असे. त्या काळात या गुहांत तरुण मुले एकामागून एक मरत होती. त्यांचे मृतदेह बाहेर काढायला एक्सलेसारख्यांनाच बोलावत. लोक म्हणत, गुहा वाईट, जागा शापित. या गणिताच्या शिक्षकाने वेगळा मार्ग धरला. प्रत्येक अपघाताची माहिती मांडून त्याने पाहिले, की मेलेल्या माणसाने काय केले होते आणि काय केले नव्हते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छोट्या पुस्तकात या विश्लेषणातून निघालेले नियम आहेत. मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड पोचणारी दोरी बरोबर असावी. परतीसाठी हवेचे किमान दोन भाग राखून ठेवावेत. ठरलेल्या खोलीखाली जाऊ नये. असे करून मेलेले थोडे. हे न करता मेलेले पुष्कळ. आज जगभर गुहेत उतरणाऱ्यांना जे शिकवतात, त्याच्या मुळाशी हे वाचन आहे.

आम्ही 'वाचन' म्हणतो ते विचारपूर्वक. हाती आलेला पुरावा, त्यातला क्रम, त्यातली गाळलेली जागा आणि तिच्यावरून काढलेला, दुसऱ्याला तपासता येईल असा निष्कर्ष. समीक्षेचे काम याहून वेगळे नाही. एक्सले स्वतः १९९४ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, मेक्सिकोतल्या झाकातोन या प्रचंड खोल कुंडात विक्रमी खोली गाठताना मरण पावला. त्याच्याही मृत्यूचे त्याच पद्धतीने विश्लेषण झाले, कारण ते करायला त्यानेच शिकवले होते.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडे विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायची रीत होती. आजी सांगायची. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. त्या दिवशी कुणी सोडला नाही."

खोल, बंद पडलेल्या विहिरीत गाळ कुजून जड वायू साचतात, प्राणवायू कमी होतो, आणि आत उतरलेला माणूस ओरडण्याआधीच शुद्ध हरपतो. कंदील हा पुरा भरवशाचा नव्हे. काही विषारी वायू ज्योत जळत असतानाही जीव घेतात, म्हणून आता वायू मोजणारी यंत्रे वापरावीत असे सांगतात. पण तो कंदील निदान एक प्रश्न विचारत असे.

"पहिला माणूस का गेला ते मला पुढं कळलं," मित्र म्हणाला. "रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं होतं. दुसरा का गेला?"

"पहिला का गेला ते न विचारता उतरला, म्हणून," मैत्रीण म्हणाली. "गुहेतसुद्धा असंच होतं रे. वाचवायला जाणारे मरतात."

मग तिने हवेचा हिशेब समजावून सांगितला. नळकांड्यातल्या हवेचे तीन भाग करायचे. एक भाग आत जायला. एक भाग बाहेर यायला. "आणि तिसरा?" आम्ही विचारले. "तिसरा तुझा नाही. तो बरोबरच्याचा. त्याची हवा संपली, तर तुम्ही दोघं त्याच्यावर बाहेर येता. तो नसेल, तर दोघंही येत नाही."

रविवारी सकाळी, गर्दी होण्याआधी, आम्ही सांता फे नदीकाठच्या 'गिनी स्प्रिंग्ज' येथे पोचलो. इथे नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस आहे. दलदलीतल्या झाडापाल्याचा अर्क त्यात उतरलेला असतो. झऱ्याचे पाणी मात्र असे निवळ, की त्यात तरंगणारा मासा हवेत टांगल्यासारखा वाटतो. जिथे दोन्ही मिळतात तिथे निळ्या आणि तांबूस पाण्याची स्पष्ट रेघ दिसते.

गिनीच्या मुख्य झऱ्याखाली एक ऐसपैस दालन आहे. तिथे आम्ही मैत्रिणीच्या मागे उतरलो. तळावर पिठासारखा मऊ गाळ असतो. पायाची एक चुकीची फटकार बसली, की तो उठतो आणि हाताची बोटे दिसेनाशी होतात. म्हणून पाय वर घेऊन, बेडकासारखे बाजूला मारत, आडवे तरंगत जायचे. आमच्यातल्या एकीला तिथे कवितेचे तास आठवले. कवितेत शिरताना किती गाळ उठवायचा याचा काही नियम आपल्याकडे नाही. उठलेल्या गाळालाच पुष्कळदा 'अर्थाची गहनता' म्हटले जाते.

दालनाच्या मागच्या टोकाला, ज्या भुयारातून पाणी येते त्याच्या तोंडावर, लोखंडी गजांची जाळी पक्की बसवलेली आहे. गज धरून आम्ही थांबलो. पाणी इतक्या जोराने येत होते, की हात सोडले तर मागे फेकले गेलो असतो. जाळीपलीकडे काळोख. या दालनात साधे प्रमाणपत्र असलेल्यांनाही दिवा नेता येतो.

तिथून थोड्याच अंतरावर 'डेव्हिल्स आय' आणि 'डेव्हिल्स इअर' ही दोन तोंडे आहेत, म्हणजे सैतानाचा डोळा आणि कान. त्यांच्यामागे हजारो फुटांची भुयारे पसरलेली आहेत आणि तिथे जाळी नाही. इथला नियम वाचून आम्ही थबकलो. गुहेचे प्रशिक्षण नसलेल्यांनी इथे दिवा घेऊन उतरायचे नाही. हातातला छोटा विजेरी दिवासुद्धा चालत नाही. वाट बंद आहे तिथे दिवा चालतो. वाट उघडी आहे तिथे चालत नाही. आत पुढे मृत्यूचे चित्र असलेली एक पाटी आहे. तिच्यावर थांबण्याची आज्ञा आहे, तीनशेहून अधिक माणसे अशाच गुहांत मेली असल्याची नोंद आहे आणि जिवाच्या मोलाचे या गुहेत काहीही नाही अशा अर्थाचे एक वाक्य आहे.

दिवा ठेवून या, असे सांगणारा नियम मराठीच्या अध्यापकाला सहज पचत नाही. आपली भाष्यपरंपराच दिव्यांची. ज्ञानेश्वरीचे एक नाव 'भावार्थदीपिका'. वामनपंडितांनी गीतेवर लिहिलेली टीका 'यथार्थदीपिका'. अंधार असेल तिथे दिवा न्यावा, हे आपण गृहीत धरतो. पण सैतानाच्या डोळ्यात वीस-एक फूट खाली उभे राहून आत पाहिले, तेव्हा नियमाचा अर्थ उमगला. दिवा नसला, की माणूस आपोआप उजेडाच्या हद्दीत राहतो. जिथे दिसेनासे होते तिथे तो थांबतो, मागे वळतो, आणि मागे निळा उजेड असतोच. दिवा हातात आला, की पुढचा कोपरा दिसतो. मग त्याच्या पुढचा. प्रत्येक वेळी चार हात पुढे दिसते आणि प्रत्येक वेळी मागची वाट चार हात लांबते. दिवा फक्त पुढे पाहतो. तो हवा मोजत नाही, दोरी धरत नाही, बरोबरच्याकडे वळून बघत नाही. ज्यांना हे तिन्ही शिकवलेले आहे, ते आत जाताना एक नव्हे, तीन दिवे नेतात आणि त्यांना कुणी अडवत नाही.

म्हणजे प्रश्न दिव्याचा नाही, खोलीचाही नाही. परतीची वाट किती राखली आहे, हा प्रश्न आहे. आपल्या वाङ्मयीन चर्चेत खाली गेलेल्याचे कौतुक असते. तो वर आला का, आणि येताना काय घेऊन आला, हे विचारणे काहीसे असंस्कृत मानले जाते. तळाशीच राहिलेला लेखक अधिक अस्सल आणि वर येऊन दाढी करून कामाला लागलेला लेखक किंचित तडजोडीचा, अशी एक वर्गवारी आपल्या बोलण्यात नकळत असते. विद्यार्थी ती ऐकत असतात. वीस-बावीस वर्षांची ही मुले; त्यांच्या पाठीवरच्या नळकांड्यात किती हवा आहे, हे आपल्याला वरून दिसत नाही. 'सखोल' जा असे सांगणाऱ्याने दोरी कुठे बांधली आहे तेही सांगायला हवे, आणि आपल्या स्वतःच्या वाचनातला तिसरा भाग त्यांच्यासाठी राखायला हवा. जो शिक्षक आपली सगळी हवा आपल्याच बुडीत संपवतो, तो वर्गाला बरोबर घेऊन बाहेर येऊ शकत नाही. घरातली मराठी 'फार खोलात शिरू नकोस' म्हणते ते भित्रेपणाने, असे आम्ही समजत होतो. ती बहुधा ज्यांनी विहिरी खणल्या त्यांची भाषा असावी. त्यांनी खोली टाळली नव्हती. खोलीत उतरताना काठावर एक माणूस आणि हातात दोर असावा लागतो, एवढे त्यांना ठाऊक होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. जूनमध्ये महाविद्यालये उघडण्याआधी आमचा मित्र गावी जाऊन आला. विहीर कोरडी आहे. आजूबाजूला इतक्या बोअर झाल्या, की तिला पाणी राहिलेले नाही. शेंदूर लावलेले दगड मात्र आहेत. काकू आता सत्तरीच्या आहेत. त्याने त्यांना गाळाचे, वायूचे, शुद्ध हरपण्याचे सगळे नीट सांगितले. ओटीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे दोनदा सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी गावाने लावलेला अर्थ खोडायला कुणीतरी त्यांच्यासमोर बसण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग कंदील का नाही सोडला रे कुणी?"

आमचा मित्र म्हणतो, त्याच्याकडे उत्तर नव्हते. पण चाळीस वर्षे उत्तर देत आलेल्या बाईला त्या दिवशी प्रश्न विचारता आला.